टाळीचं बेंझिन

६ जाने., मंगळ.

तीन राजांचा सण. चर्चमध्ये सकाळची मिस्सा. घरी येऊन नाताळचा गोठा उतरवला. पास्कूची दरवर्षीची सूचना: "गाढव नीट गुंडाळ, फिलू." लग्नाला चाळीस वर्षं होतील, गाढव गुंडाळण्यात माझी चूक काय होते ते त्याला अजून सांगता आलेलं नाही.

दुपारी प्राजक्ताचा फोन. विरारला ज्युनियर कॉलेजात केमिस्ट्री शिकवते ती. साताऱ्याकडची, तिशीतली, चुणचुणीत. २४ला नव्या शिक्षकांचं शिबिर आहे, चाळीसेक जण. एक पाठ मी घ्यावा म्हणते. विषयही तिनेच ठरवला. "टाळीचं बेंझिन, मॅडम. तुमच्या जुन्या विद्यार्थिनी अजून आठवण काढतात."

हो म्हणून टाकलं. एवढंही नाही म्हटलं की विचार करून सांगते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, पण फोन ठेवला तेव्हा उजव्या हाताची दोन बोटं खडू धरल्यासारखी झाली होती.

८ जाने., गुरु.

पाठाची तयारी. तयारी कसली, डोळे मिटून घेईन.

सहा मुली गोल करून उभ्या. प्रत्येक मुलगी एक कार्बन. हातात हात, म्हणजे एकेरी बंध. मग वेणीच्या तीन लाल फिती. एकीआड एक जोडीच्या हातांत फीत द्यायची, तिथं दुहेरी बंध झाला. बाकीच्या वर्गानं टाळी वाजवली की फिती शेजारच्या जागी सरकवायच्या. टाळी, सरकल्या. टाळी, परत आल्या. वेग वाढवत न्यायचा. शेवटी मुली हसून हसून एकमेकींवर पडायच्या आणि मी म्हणायचे, "हे इतकं भरभर होतं की बेंझिनची कुठली आकृती खरी ते कुणालाच पकडता येत नाही. याला म्हणतात रेझोनन्स."

खेळ माझा नाही. सिस्टर बेनेडिक्टांचा. कॉन्व्हेंटच्या मागच्या अंगणात, जांभळाखाली. गोव्याच्या होत्या. बुटक्या, पांढरा झगा, आणि झग्याला डांबरगोळ्यांचा वास. त्या गोळ्याही अॅरोमॅटिकच, म्हणजे बेंझिनच्याच कुळातल्या, बेंझिनची दोन कडी शेजारी शेजारी. हे मला फार पुढे कळलं आणि तेव्हा सिस्टरना जाऊन सांगावंसं वाटलं. तोवर त्या नव्हत्या. "गर्ल्स, क्लॅप!" तो आवाज. माझ्या हातातली फीत घामानं ओली व्हायची. केमिस्ट्री घ्यायची हे मी त्या अंगणात ठरवलं, त्या फितीपायी.

९ जाने., शुक्र.

प्राजक्ता घरी आली. करंज्या उरल्या होत्या नाताळच्या, त्या दिल्या. तिनं दोन खाल्ल्या, तिसरी हातात धरून बसली. मी ओळखलं, काहीतरी अडलंय.

"मॅडम, एक विचारू? रागावू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवते."

तिच्या वर्गातल्या अर्ध्याहून जास्त मुलांच्या डोक्यात पक्कं बसलंय की बेंझिनमधले दुहेरी बंध इकडून तिकडे उड्या मारतात. ते काढायला तिचा दरवर्षी आठवडा जातो. कुठं शिकलात विचारलं तर कुणाची आई सांगते, कुणाच्या क्लासच्या बाई. "त्यातल्या बऱ्याच जणी तुमच्याच विद्यार्थिनी, मॅडम."

मी म्हटलं, खेळ आहे गं, कल्पना यावी म्हणून.

ती मान खाली घालून म्हणाली, "हो ना. पण मुलांना खेळच लक्षात राहतो."

पोरीचं बरोबर आहे. बंध कुठंही जात नाहीत. एकेरी बंधाची लांबी १५४ पिकोमीटर, दुहेरीची १३४. बेंझिनमध्ये मोजली तर सहाही बाजू १३९. क्षणभर ही, क्षणभर ती असं नाहीच. दोन आकृत्या कागदावर आपण काढतो, कारण एकीत मावत नाही. वस्तू एकच असते आणि ती कायम तशीच असते.

करंजी तिनं शेवटी खाल्ली.

११ जाने., रवि.

जे लिहायचं टाळलं ते लिहिते.

प्राजक्ता जे बोलली ते मला नवं नव्हतं. बी.एस्सी.ला मी हेच लिहून चांगले मार्क मिळवले होते. पेपरात बरोबर लिहायचं आणि वर्गात फिती सरकवायच्या, दोन्ही वर्षानुवर्षं केलं. का? कारण मुली खूष व्हायच्या. कारण सिस्टर.

आणि सुनंदा.

सुनंदा म्हात्रे. तीस वर्षं झाली असतील. बारावी, दुसरा बाक, खिडकीकडची. टाळ्या रंगात आल्या होत्या आणि ही उभी राहिली. "टीचर, फिती जर सरकत असतील तर एक क्षण तरी बंध लांब-आखूड असणार. मग सगळे सारखे कसे मोजले?"

तिनं नुसतं पुस्तक वाचून ते शोधलं होतं. सतरा वर्षांची मुलगी. मला उत्तर माहीत होतं. वर्गात त्या दिवशी मागे उपप्राचार्य बसले होते, माझा पाठ बघायला. मी म्हटलं, "सुनंदा, तुझं बेंझिन तुझ्या घरी. खाली बस."

वर्ग हसला. सगळा वर्ग. ती बसली. पुढे वर्षभर तिनं हात वर केला नाही. सराव परीक्षेत तिनं तिचं तेच बरोबर उत्तर लिहिलं, दोनच ओळी. मी दोन मार्क कापले. तेव्हा ती बरोबर असणं मला परवडणारं नव्हतं.

पुढे कुणीतरी सांगितलं, सुनंदानं सायन्स सोडलं.

१३ जाने., मंगळ.

पास्कूला सांगितलं. तो केळीच्या बागेतून आला होता, पाय धूत होता. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "तू रिटायर झालीस ना? मग चूकही रिटायर कर."

"चाळीस शिक्षकांसमोर तीच चूक परत करू?"

"मग दुसरा विषय घे. साबण घे. साबणात कुणाचं मन दुखावत नाही."

हसले. पण ठरवलं. पाठ बेंझिनचाच. आणि पाठाच्या आधी सुनंदा. कन्फेशनला बसून फादरना सांगून हे मिटणार नाही. फादर विचारतील, बेंझिन म्हणजे काय. तो अर्धा तास जाईल. आणि ज्या मुलीचं मी घेतलं ते फादरना परत करून काय उपयोग?

जुन्या बॅचच्या एकीला फोन केला. सुनंदा बोळिंजला आहे. रंगाचं दुकान चालवते.

१६ जाने., शुक्र.

गेले.

बोळिंजच्या एका कॉम्प्लेक्सखाली गाळा. पुढे डब्यांची रास, आत रंग हलवायचं यंत्र. काउंटरवर ती. केस पांढरे व्हायला लागलेत, चष्मा, नखांना हिरवा रंग. एक गिऱ्हाईक समोर उभं होतं, त्याच्या भिंतीचा तुकडा रुमालात बांधून आणलेला.

"ताई, नक्की जुळेल ना?"

"जुळेल. नाही जुळला तर उरलेली भिंतपण घेऊन या."

मला बघितलं. "टीचर! या. बसा. बेंझिन काय म्हणतंय?"

हसून म्हणाली, पण पहिलाच शब्द तो. म्हणजे तीस वर्षं तिथंच आहे ते, थिनरच्या डब्यांशेजारी.

मी फार पाल्हाळ लावला नाही. म्हटलं, त्या दिवशी तू बरोबर होतीस. मी तुला बसवलं, वर्गाला हसू दिलं, मार्क कापले. चूक माझी होती, ते सांगायला आले.

ती भिंतीच्या तुकड्याकडे बघत डब्यात निळ्याचे थेंब सोडत होती. मोजून. मग झाकण ठोकलं, डबा यंत्रात लावला, यंत्र सुरू केलं. त्या खडखडाटात विचारलं, "तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तिनं यंत्र बंद केलं.

"मला वाटायचं तुम्हाला माहीत नाही," ती म्हणाली. "ज्याला माहीत नसतं त्याला माफ करायला सोपं जातं, टीचर. मी कधीच करून टाकलं होतं. आता परत बघावं लागेल."

गिऱ्हाईक म्हणालं, "झालं का हलवून?"

"नाही, अजून दोन मिनिटं," ती म्हणाली आणि परत यंत्र सुरू केलं.

मग मी विचारलं. सायन्स माझ्यामुळे सोडलंस का? ती एकदम मोकळं हसली. "नाही हो. बाबा गेले, दुकान बघायला कुणी नाही, कॉमर्स सोयीचं होतं. तुमची एवढी सत्ता नव्हती." मग यंत्रातून डबा काढत, "हात वर करणं सोडलं ते मात्र तुमच्यामुळे. सासरीसुद्धा दहा वर्षं."

डबा उघडून दाखवला. भिंतीशी अगदी जुळणारा हिरवा. काडीनं ढवळत मला म्हणाली, "हा काय क्षणभर पिवळा, क्षणभर निळा असतो? एवढं साधं होतं ते."

उदाहरण चांगलं आहे. थोडं अपुरं. पिवळा आणि निळा डबा तिच्या मांडणीवर खरोखर असतात, बेंझिनच्या त्या दोन आकृत्या मात्र फळ्यापलीकडे कुठंच नसतात. हे मी तिथं बोलले नाही. बोलण्यासारखी वेळ नव्हती, आणि माझा हक्कही.

२४ला ये म्हटलं. "शनिवार गर्दीचा असतो." निघताना डब्यातून तिळगूळ काढून हातावर ठेवला. त्याच्याबरोबर म्हणायचं ते वाक्य मात्र म्हणाली नाही.

१७ जाने., शनि.

झोप लागली, आश्चर्य. सकाळी डोकं स्वच्छ. लाज आहे, पण लाजेपायी शिकवणं बिघडवायचं नाही. सिस्टरही तेच म्हणाल्या असत्या. सिस्टरना खरं माहीत होतं का, हा प्रश्न आज पहिल्यांदा पडला. त्यांच्याकडे एक जुनं पुस्तक आणि अंगणभर मुली होत्या. त्यांनी हाताशी होतं ते दिलं. माझ्या हाताशी जास्त होतं.

नवा खेळ हवा.

१८ जाने., रवि.

मिस्सानंतर कॉयरमध्ये गाणाऱ्या सहा जणींना चर्चच्या आवारात थांबवलं. गोल करा, हात धरा. एक लांब लाल फीत आणलेली, दोन टोकं शिवून कडं केलेलं. ते सहाही जणींच्या मनगटांवर ठेवलं. हात म्हणजे पक्के बंध, ते ज्याचे त्याच्याकडे. फीत कुणा जोडीची नाही. सगळ्यांवर सारखी पसरलेली, स्वस्थ. टाळ्या नाहीत, सरकासरकी नाही.

मग प्रत्येकीच्या डोक्यावर एक टोपी, ती हायड्रोजन. पास्कूच्या बागेतल्या टोप्या, त्याची परवानगी नंतर घेतली. आता बाहेरून कुणी आलं तर टोपी काढून दुसरी घालणं सोपं. फीत तशीच राहते. पण कुणाला मधे शिरून एका जोडीला चिकटायचं असेल तर आधी ती फीत कापावी लागेल, आणि एका ठिकाणी कापली की सहाही जणींची गेली. म्हणून बेंझिन टोप्या बदलतं, कडं मोडू देत नाही.

कॉयरची मार्था म्हणाली, "टीचर, आम्हाला काही कळलं नाही, पण फीत धरून बरं वाटतंय."

मला कळलं. पस्तीस वर्षं शिकवलेल्या गोष्टीचा आज पहिल्यांदा नीट खेळ झाला. किती साधा!

२० जाने., मंगळ.

प्राजक्ताला सगळं सांगितलं, सुनंदासकट. तिचा चेहरा उतरला. कार्यक्रमपत्रिका छापून झाली, त्यात "टाळीचं बेंझिन" असंच आहे. शिवाय जुन्या काही विद्यार्थिनी खास तेवढ्यासाठी येणार.

"मॅडम, माफीचं नाही सांगितलं तर चालेल की. नुसता नवा खेळ दाखवा."

मी म्हटलं, त्यातल्या निम्म्या माझा जुना खेळ आजही शिकवत असतील. कारण सांगितल्याशिवाय त्या सोडतील कशा? गोड खेळ आहे तो, सहज सुटायचा नाही.

मग म्हणाली, "पत्रिका तशीच राहू दे. लोक टाळ्या वाजवायला येतील, तुम्ही त्यांना थांबवा." चुणचुणीत आहे ती, म्हटलं ना मी.

२३ जाने., शुक्र.

कॉलेजच्या लॅबमध्ये जाऊन रंगीत तालीम. प्रत्यक्ष बेंझिन आता वर्गात वापरत नाहीत, प्रकृतीला वाईट. त्याचं भावंड टोल्युईन घेतलं. दोन परीक्षानळ्या. सायक्लोहेक्झीनमध्ये, म्हणजे एकच दुहेरी बंध असलेल्या कड्यात, ब्रोमीनचं पाणी घालून हलवलं, ब्रोमीन त्या बंधाला चिकटलं आणि नारिंगी रंग गेला. टोल्युईनमध्ये घातलं, रंग वरच्या थरात चढून बसला. गेला नाही. किती हलवलं तरी नाही.

आकडेही फळ्यावर लिहून पाहिले. सायक्लोहेक्झीनला हायड्रोजन जोडला की १२० किलोज्यूल उष्णता निघते. तीन दुहेरी बंध धरले तर बेंझिनमधून ३६० निघायला हवी. निघते २०८. मधले १५२ कुठं गेले? कुठं जायचे, ते आधीपासून नव्हतेच. बेंझिन तेवढं आधीच शांत होऊन बसलेलं असतं.

माझं अक्षर अजून चांगलं आहे.

सुनंदाचा फोन नाही. मीही केला नाही. बोलावलंय एकदा, ओढत आणायचं नाही.

२४ जाने., शनि.

संध्याकाळ. घरी आल्या आल्या लिहितेय, साडी बदलायची राहिलीय.

हॉल भरलेला. मी उभी राहिले आणि मागच्या जुन्या मुलींनी लगेच टाळ्या सुरू केल्या, तालात, तीच लय. हात वर करून थांबवलं. म्हटलं, हा खेळ मी वर्षानुवर्षं शिकवला आणि तो चुकीचा आहे. मला माहीत असताना शिकवला. एका मुलीनं चूक दाखवली तेव्हा मी तिला खाली बसवलं. आज आधी ते, मग बेंझिन.

मग पुढच्या रांगेतला एक तरुण मास्तर म्हणाला, "मॅडम, मीपण असंच शिकवतो. सोमवारी त्यांना काय तोंड दाखवू?" हशा. त्या हशानं वाचवलं मला. म्हटलं, तेच तोंड दाखवा, फक्त फीत नवीन न्या.

पुढे पाठ छान झाला. खोटी नम्रता कशाला, उत्तम झाला. सहा शिक्षक गोल उभे, फीत, टोप्या. परीक्षानळ्या धरल्या तेव्हा मागचे लोक बाकांवर चढले.

नळी वर धरली होती तेव्हाच दार उघडलं. सुनंदा. दुकानातूनच आलेली, नखं या वेळी पांढरी. मागे भिंतीला टेकून उभी राहिली.

शेवटी विचारलं, काही प्रश्न? कुणी नाही. मग तिनं हात वर केला. पूर्ण सरळ, वर्गात करतात तसा.

"टीचर, सहा जणींऐवजी आठ घेतल्या तर? फीत थोडी मोठी करायची. मग तेही कडं इतकंच घट्ट होईल?"

"नाही. आठांचं होत नाही. ते ब्रोमीनचा रंग घालवतं."

"का?"

फळ्यावर नियम लिहिला, ४n+२. प्रत्येक कार्बनचा फितीत एक इलेक्ट्रॉन; असे दोन चालतात, सहा चालतात, दहा चालतात. चार आणि आठ नाहीत.

"हे आकडे झाले. का, ते विचारतेय."

सगळ्या माना तिच्याकडे वळल्या, मग माझ्याकडे. कारण मला अर्धं माहीत आहे. इलेक्ट्रॉनांच्या पायऱ्या असतात, खाली एक जागा, वर जोडीजोडीनं जागा, प्रत्येक जागेत दोन इलेक्ट्रॉन. सहा आले की पायऱ्या पूर्ण भरतात, आठ आले की दोन इलेक्ट्रॉन एकेकटे उरतात. एवढं सांगितलं. पण पायऱ्या तशाच का, हे सांगायला लागले तेव्हा माझ्याच लक्षात आलं की मी पाठ केलेलं बोलतेय. थांबले. म्हटलं, "पुढचं मला नीट माहीत नाही. शोधून सांगते. सुनंदा, बस ना, खुर्ची आहे."

"उत्तर आल्यावर बसेन," ती म्हणाली.

रागानं नाही. लाडानंही नाही. हॉल रिकामा होईपर्यंत ती उभीच होती. सगळे लोक गेले तेव्हा पुढे येऊन लाल फीत हातात घेतली, शिवण बघितली, परत टेबलावर ठेवली. म्हणाली, "सापडलं की दुकानात या. सोमवारी मात्र बंद असतं."

माफ केलं का, ते मी विचारलं नाही. तिनंही विषय काढला नाही.

प्राजक्ताकडून जाडं पुस्तक आणलंय. पास्कूनं विचारलं, "संपलं का तुझं बेंझिन?" त्याला हातानंच थांब म्हटलं. चौथ्या पानावर अडकलेय. गणित आहे, पण माणसानंच लिहिलेलं आहे, उलगडेल. उद्या रविवार, परवा तिचं दुकान बंद. मंगळवारपर्यंत वेळ आहे.